तसलं नाव

“नाव असं हवं,” दिग्दर्शिका म्हणाल्या, “की कानावर पडताक्षणी लोकांना कळलं पाहिजे, हा त्यातला आहे.”

रेडिओवरच्या कौटुंबिक मालिकेत नवा शेजारी राहायला यायचा होता. चार घटका हसायला. ऐकणाऱ्याला त्याची चाल दिसणार नव्हती की कपडे. जे काय करायचं ते नावानंच. माइकभोवती खुद्द दिग्दर्शिका, म्हणजे सगळ्यांच्या ताई, सासऱ्याचं काम करणारे काका, सुनेचं काम करणारी नटी आणि लेखक बसले होते. जाड काचेपलीकडे हेडफोन लावून रेकॉर्डिस्ट होते. धिप्पाड गडी, झुपकेदार मिशा, सुतारासारखे हात. त्यांना सगळे मास्तर म्हणत. त्यांचं नाव काय, हे विचारायची कुणाला कधी गरज पडली नव्हती.

काकांनी दोन नावं सुचवली, ताईंनी नाक मुरडलं. नटीनं एक काढलं, ते नेमकं काकांच्या जावयाचं निघालं.

“लेखकराव, तुम्ही का गप्प?” काका म्हणाले. “नावं ठेवायचाच तर पगार घेता.”

लेखकाला आज यायचंच नव्हतं. मागच्या वर्षी एका नटाबद्दल ‘त्यातला आहे’ अशी कुजबुज झाली आणि पुढच्याच भागात त्याच्या पात्राला परगावी धाडलं. ते पात्र अजून परतलेलं नाही, आणि नटही. घाबरलेल्या माणसाच्या तोंडी तेच येतं जे रोज असतं. त्यानं एक नाव सांगितलं.

काका खो खो हसले. “याला म्हणतात नाव! ऐकलं आणि माणूस डोळ्यांपुढे उभा राहिला. नाजूक, मान वेळावणारा. असल्या नावाचा माणूस दुसरं काही असूच शकत नाही.”

“आमच्याकडे बाळाचं हेच ठेवणार होते,” नटी म्हणाली. “सुटलो म्हणायचं.”

ते मास्तरांचं नाव होतं. तिथे ते या दोघांनाच ठाऊक होतं. सकाळी दोघं एकाच घरातून निघत, एकाच बसमध्ये चढत, आणि एक स्टॉप अलीकडे लेखक उतरून चालत येई. तो नेम कधी चुकला नव्हता. त्या घरात खाट एकच होती.

लेखकानं काचेकडे पाहायचं टाळलं.

“एकदा आवाज बघून घेऊ,” ताई म्हणाल्या. “जिन्यावरून शेजाऱ्याला नुसती हाक मारायची आहे.”

“ज्यानं नाव काढलं त्यानंच मारावी,” काका म्हणाले.

लाल दिवा लागला. लेखकानं हाक मारली, मालिकेत शोभेल अशी, जराशी चिरकी.

“परत,” भिंतीवरच्या स्पीकरमधून मास्तरांचा आवाज आला.

लेखकानं शेवटचं अक्षर लांबवलं. काकांनी तोंडावर हात दाबला.

“परत.”

“काय चुकतंय मास्तर?” ताईंनी विचारलं.

“खोटं येतंय.”

तिसऱ्या वेळी लेखकाला हे फक्त संपवायचं होतं. नाव आपसूक आलं, खालच्या पट्टीत, पाणी तापलंय हे सांगायला न्हाणीघराच्या दारातून हाक मारावी तसं.

नटीनं हातातला कागद खाली घेतला. “अगं बाई,” ती म्हणाली, “एवढ्या मायेनं?” तिची नजर लेखकाच्या चेहऱ्यावर गेली आणि तिथेच राहिली.

काकांचं हसू ओसरलं. त्यांचा जन्म आवाजात गेला होता. “लेखकराव, हे नाव तुम्ही आणलंत कुठून?”

“असंच. सुचलं.”

“हं.” काका सावकाश काचेकडे वळले. “आणि मास्तर, तुमचं नाव काय हो? इतकी वर्षं नुसतं मास्तर मास्तर करतोय.”

लाल दिवा अजून लागलेलाच होता. मास्तरांनी बटण दाबलं. स्पीकर खरखरला.

“लेखकांना विचारा,” ते म्हणाले.

तिघांच्या माना लेखकाकडे वळल्या. त्यानं काचेकडे पाहिलं, आज पहिल्यांदाच. मास्तर रागावलेले दिसत नव्हते. ते वाट बघत होते, एवढंच. त्यांच्या मिशीआडचे ओठ घट्ट मिटलेले त्याला इथून दिसत होते. पण भीती मोठी होती, आणि परगावी धाडलेल्या त्या पात्रासारखं व्हायची त्याची तयारी नव्हती.

“मला काय माहीत?” तो हसत म्हणाला. हसू छान जमलं. “मीही मास्तरच म्हणतो. त्यांचा नि माझा काय संबंध?”

नटीनं नजर काढून घेतली. काका सैलावले, मिशांकडे पाहून स्वतःच्याच शंकेला हसले. ताईंनी कागद गोळा केले. “चला, नाव ठरलं मग.”

काचेपलीकडे मास्तर जागचे हलले नाहीत. दिवा विझायला जरा वेळ लागला. मग स्पीकर पुन्हा खरखरला.

“तिसरा टेक ओके,” ते म्हणाले. “हा खरा आला. हा मी ठेवून घेतो.”