गायरानातला दगड

पन्नालालच्या दुकानामागचं घर भागिरथानं दारातूनच नापास केलं.

दोन खोल्या, वर टीन, मागं आड. शेलूबाजारात तिच्या नवऱ्याच्या, देवमनच्या ऐपतीत याहून चांगलं घर कुठून मिळणार? तिथल्याच शाळेत तो शिपाई होता. रोज गावाहून दोन कोस चालत यायचा, दोन कोस चालत जायचा. घर झालं असतं तर त्याची पायपीट वाचली असती आणि सात वर्षांच्या लेकीची, गंगूची शाळाही हाकेवर आली असती.

"चूल उगवतीकडं नाई," भागिरथा म्हणाली.

"धम्म घेतला तवापासून आपुन उगवती-मावळती पायतो का?" देवमन वैतागला.

ती पदर सावरून चालू लागली. हे तिसरं घर. पहिल्यात पाणी दूर होतं, दुसऱ्यात शेजार वाईट. आणि बाईसाहेबांची स्वतःची झोपडी नाल्याच्या काठावर! गेल्या भादव्यात नाला थेट चुलीपर्यंत येऊन गेला होता. पडलेल्या भिंतीच्या जागी अजून कपाशीच्या पऱ्हाट्यांचा कूड उभा होता.

खरं कारण देवमनला ठाऊक होतं. ते गावच्या गायरानात होतं, पळसाखाली.

सात वर्षांपूर्वी त्यांचा मिलिंद गेला. अडीच वर्षांचं पोर, तापानं फणफणलेलं. गंगू होऊन चारच दिवस झालेले, भागिरथा बाजेवर. देवमन एकटाच पोराला खांद्यावर घेऊन अकोल्याच्या दवाखान्यात गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी दारात उभा राहिला तेव्हा खांदा रिकामा होता. गायरानात पळसाखाली ठेवून आलो, एवढंच म्हणाला.

गावात लहान पोर गेलं की तिथंच पुरत; बाया तिकडं जात नसत. भागिरथा मात्र कोणाचं न ऐकता दुसऱ्याच दिवशी भिंतीला धरत धरत जाऊन आली. त्यानंतर तिनं तिकडं पाऊल टाकलं नाही.

देवमन जायचा. शाळेतून येताना गायरान वाटेतच लागायचं. तो दगडापाशी टेकायचा, अंधारायला लागलं की तोंड धुऊन घरी यायचा. भागिरथा काही न विचारता चहा ठेवायची. पोराचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

शहात्तरच्या उन्हाळ्यात हुकूम आला. गायरानात बेघरांना घरासाठी जागा द्यायच्या. चावडीपुढं सभा भरली.

"गवतावर घरं बांधली तं गाई काय कौलं खातीन?" तांड्यावरच्या गुलाबसिंगनं विचारलं. लोक हसले, पण त्याचा आवाज ओला होता. चाळीस ढोरं होती त्याच्याकडं.

"अन् मानसं नाल्यात बुडू द्याची?" सरपंच शेषराव उसळला. "ढोराईले हिरवं रान, मानसाईले चिखल?"

दोघांचंही खरं होतं, म्हणूनच भांडण मिटेना. तेवढ्यात भागिरथा उठली. बेघरांच्या यादीत देवमनचं नाव पहिलं, तेव्हा ही शेषरावच्या बाजूनं बोलणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

"गायरान राहू द्या," ती म्हणाली. "मले जागा नोको."

"सोता बुडशीन अन् आमालेई बुडवशीन!" शेजारची बेबीताई ओरडली. नाल्याकाठच्या बाकी बायाही भागिरथावर तुटून पडल्या. ती सगळं ऐकून घेत उभी राहिली, पण शब्द मागं घेतला नाही. देवमन मान खाली घालून बसला.

गायरान राहिलं नाही. मोजणी आली, चुन्याच्या रेघा ओढल्या जाऊ लागल्या. मोजणीदार भला माणूस होता, लहानग्यांच्या जागा वगळून रेघ वळवत होता. त्या ओळखू यायच्या. पोर ठेवलं की वर दगड आणि दगडावर बाभळीच्या काट्या, कोल्ह्यानं उकरू नये म्हणून. काट्या कुजल्या की घरचं कोणी नव्या टाकायचं. पळसाखालचा दगड उघडाच होता. त्याच्यावरून रस्त्याची रेघ गेली.

"तुमचं आहे का हे?" मोजणीदारानं हळहळून विचारलं. "उद्या दुपारी इथं मुरूम पडेल हो. सकाळीच काढून न्या."

सकाळी दोघं गेली. देवमनच्या एका हातात कुदळ, दुसऱ्या हातात कोरं पांढरं फडकं. भागिरथा रिकाम्या हातानं आली होती.

त्यानं दगड बाजूला लोटला. कुदळ उचलली आणि तशीच खाली ठेवली.

"गंगूचे माय," तो म्हणाला, "इथं काई नाई."

ती उभीच राहिली.

"अकोल्यालेच गेला तो. मढं घेऊन गाडीत कोन बसू देते? मोर्णेच्या काठी ठेवलं त्याले. आता जागाई सापडनार नाई. तू ओली बाळंतीन, तुले काय सांगू? आनून मांडला हा दगड निस्ता. सात वर्सं फसवलं तुले."

आणि तो मातीत बसून हमसून हमसून रडला. भागिरथानं खाली वाकून पदरानं त्याचं तोंड पुसलं.

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "आली तवाच समजलं. पोराले ठेवून काट्या टाकल्याबिगर घरी येनारे नोते तुमी."

देवमननं मान वर केली. "मंग घरं काहून नाकारली? गावासंगं काहून भांडली?"

"घरी तुमी एकडाव रडले नाई," भागिरथा म्हणाली. "तुमाले रडाले येवढीच जागा होती."