तिसरं वळण

राजधानीहून आलेल्या निरीक्षकांनी चिन हे सात तारांचं वाद्य लू शेनच्या मांडीवर ठेवलं. "वाजव."

बापाच्या थडग्याशेजारी गवती झोपडीत शेनने सत्तावीस महिने सुतक पाळलं होतं. मांस नाही, मद्य नाही, गाणंबजावणं नाही. आज सुतक फिटत होतं, आणि फिटताना मुलाच्या हाती वाद्य द्यायची रीत होती. बोटं अडखळली तर शोक खरा. असा मुलगा अधिकारी होऊन राजधानीला जायचा. सूर सरळ निघाला तर सगळं ढोंग.

"चुकायचं, बाबा! पाठ केलंयस ना?" काका कानाशी कुजबुजले. "सात पिढ्यांत कुणी कचेरीची पायरी चढलं नाही. आज माती खाऊ नकोस."

शेनला मात्र कचेरी नको होती. इथे भोपळ्याचा वेल होता, ओढा होता, ऊन अंगावर घेत लोळायला गवत होतं. आयुष्यात तो इतका सुखी कधीच नव्हता. पण सुतकातलं सुख ही चोरीच. बापासाठी त्याने एक टिपूसही गाळलं नव्हतं, आणि त्याची त्याला मनातून लाज वाटायची. असू दे. ढोंगी ठरलो तर गाव थुंकेल, पण झोपडी तरी राहील. अजिबात चुकायचं नाही, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

त्याला एकच चाल येत होती, बापाने लहानपणी शिकवलेली कोळ्यांची चाल. त्याने तार छेडली. पहिलं वळण लख्ख निघालं. काकांचा चेहरा उतरला. दुसरंही निघालं. निरीक्षकांनी ओठ आवळले आणि सेवकाला सामान उचलायची खूण केली. आता एकच वळण राहिलं होतं.

तिथे त्याचं बोट भलत्याच तारेवर गेलं. बापाचं नेहमी जायचं, त्याच तारेवर. बाप इथे दर वेळी चुकायचा, "हात्तिच्या!" म्हणून खदखदून हसायचा आणि पुढे वाजवायचा. शेन त्या हसण्याची वाट बघत थांबला. हसू काही आलं नाही. त्याची बोटं तारेवरच राहिली.

निरीक्षक उठून उभे राहिले. "शोक खरा आहे. उद्याच निघायचं."

काकांनी त्याला घट्ट मिठी मारली. "वा रे पठ्ठ्या! काय बेमालूम चुकलास! आणि हे रडणं कधी शिकलास रे?"