घाणेरीचा पाला

डॉक्टरीणबाईंनी गाईची पापणी वर केली. आतला रंग हळदीसारखा पिवळा होता. हौसाचा जीव थाऱ्यावर नव्हता. शेजारच्या थोरल्या जावेनंच वैरणीत काहीतरी कालवलं, असं ती सकाळपासून येईल त्याला सांगत होती. बांधाच्या भांडणापासून दोघींचं बोलणं बंद होतं.

"कुणी काही घातलं नाही, मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चारा नाही म्हणून हिनं माळावरची घाणेरी खाल्लीय. त्या पाल्याच्या विषानं यकृतातलं पित्त उतरायचं थांबतं आणि रक्तात साठतं. पोटही थंडावलंय, म्हणून विष आतच पडून आहे. मी कोळशाची पूड पाजते. पण पोट चालू व्हायला निरोगी गाईच्या पोटातलं पाणी नळीनं काढून हिला पाजायला हवं. जवळ कुणाकडं गाय आहे?"

गाय जावेकडंच होती. हौसा दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. मागं गाईनं मान जमिनीला टेकवली, तशी ती तडक निघाली.

जाऊ अंगणातच उभी होती. सकाळपासूनचं सगळं, आत्ताचं डॉक्टरीणबाईंचं बोलणंही, तिच्या कानावर गेलं होतं.

"अक्का, माझी गाय..." हौसानं आपल्या गोठ्याकडं हात केला.

"नळी घालताना माझीला लई दुखणार नाही ना, तेवढं बाईंना विचार," म्हणत जाऊ दावं सोडायला वळली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाईनं रवंथ सुरू केलं. डोळे अजून पिवळेच होते. हौसा सारखी उठून बघत होती.

"हौसे," गोठ्याच्या दारात टेकलेली जाऊ म्हणाली, "बस की गं जरा माझ्यापाशी."