दिलेला चेंडू

मर्डोचा चेंडू उतारावरून रखडत आला आणि भोकापासून दोन पावलांवर थांबला. कठड्याशी उभ्या असलेल्या लोकांनी हुश्श केलं.

गोल्फच्या सामन्यातला शेवटचा होल होता. त्याच्या मुलाने, केनेथने, आपला चेंडू पाच फटक्यांत आत घातला होता. मर्डोने हा चौथ्या फटक्यात घातला की बाप जिंकणार, चुकला तर बरोबरी. पोरगा मिशा फुटण्याच्या वयाचा झाला तेव्हापासून बापाने त्याला एकदाही हरवलं नव्हतं, आणि आज हरवायचं ते कुठे, तर ह्या जगप्रसिद्ध मैदानावर! कोटब्रिजच्या खाणींच्या ढिगाऱ्यांमागे उभा जन्म खेळलेल्या माणसाचं नाव इथे कुणी खेळायचं ते ठरवणाऱ्या चिठ्ठ्यांमध्ये निघायला बहात्तरावं वर्ष उजाडलं होतं.

इथली शेवटची हिरवळ गावाच्या रस्त्याला खेटून आहे. आईस्क्रीम खात, कुत्री फिरवत येणारे-जाणारे पांढऱ्या कठड्याला रेलून उभे राहतात आणि परक्या माणसाचा शेवटचा फटका अगदी हक्काने बघतात. आज त्यांच्यात लाल टोपीतली एक म्हातारी होती.

“सावकाश हो,” ती मर्डोला म्हणाली. “समुद्र कुठे पळून जात नाही.”

“समुद्राचं ठीक आहे, बाई. माझ्या गुडघ्यांची हमी कोण देतं?” मर्डो म्हणाला.

लोक हसले. केनेथही हसला. मग मर्डो चेंडूपाशी उभा राहिला आणि केनेथचं हसू मावळलं.

चाळीस वर्षं ज्या हाताने भिंतींना गिलावा केला, त्या हाताला गेल्या वर्षापासून कंप सुटला होता. दिवसभर समुद्रावरच्या वाऱ्यात सगळ्यांचेच हात थरथरत होते, त्यात तो लपून गेला. आता वारा पडला होता, आणि मर्डोच्या काठीचं टोक चेंडूमागे डुगडुगत होतं. तो मागे सरला. तळवा विजारीला पुसला. पुन्हा उभा राहिला. टोक पुन्हा डुगडुगायला लागलं.

कठड्यावरचे लोक गप्प झाले. ती शांतता खरं तर आदराची होती, पण केनेथला त्यात कीव दिसली. त्याला ते सोसवेना.

“बाबा,” तो म्हणाला, “राहू दे. दिला.”

ह्या खेळात समोरच्याचा चेंडू भोकाच्या अगदी तोंडाशी असेल, तर ‘दिला’ म्हणायची रीत आहे. मग तो आत गेलाच असं धरतात. एकदा दिला म्हटलं की देणाऱ्याला शब्द मागे घेता येत नाही आणि घेणाऱ्याला नको म्हणता येत नाही. पण दोन पावलांवरचा चेंडू सहसा कुणी देत नाही. सामना ज्याच्यावर अडलाय असा तर नाहीच नाही.

मर्डोने मान वर केली. “काय म्हणालास?”

“दिला. तू जिंकलास, बाबा.”

“अरे, मला टाकू दे की.”

“गेलाच असता तो. डोळे मिटून घातला असतास.”

“मग घालू द्यायचा होतास.”

मर्डो चिडून बोलला असता तर बरं झालं असतं. तो अगदी हळू बोलला. गुडघ्यावर हात ठेवून वाकला, चेंडू उचलला, टोपी काढली आणि रीतीप्रमाणे हात पुढे केला. केनेथने तो धरला. तेव्हा बापाचा कंप त्याला स्वतःच्या कोपरापर्यंत जाणवला.

“गेला का हो?” म्हातारीने कठड्यावरून विचारलं. “मला दिसलंच नाही.”

“मुलाने दिला,” मर्डो म्हणाला.

“अगं बाई!” ती म्हणाली आणि कुत्र्याला ओढत चालू लागली. बाकीच्यांनी थोड्या टाळ्या वाजवल्या आणि तेही पांगले.

चुकला असता तर काय झालं असतं? म्हाताऱ्याने एक सणसणीत शिवी हासडली असती. लोक हळहळले असते. पुढे वर्षभर त्यानेच तिखटमीठ लावून ती गोष्ट चारचौघांत सांगितली असती. आपली फजिती मर्डोने हसत पचवली असती. ती केनेथलाच बघवली नसती. बापाला वाचवलं म्हणता म्हणता त्याने स्वतःलाच वाचवलं होतं. हे त्याला गाडीकडे जाताना कळलं, आणि आता कळून काडीचा उपयोग नव्हता.

“बाबा, थोडं थांबू या. मागचे लोक खेळून गेले की गुपचूप जाऊन एकदा टाकून बघ.”

“खुळा आहेस का? सामना संपला.”

केनेथ डिकीत पिशव्या ठेवू लागला. मर्डो पुढच्या सीटवर पाय बाहेर सोडून बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. बोटांना गाठ सापडत नव्हती. केनेथ मदतीला पुढे झाला, पण मग तिथेच थांबला. तेवढ्यात मर्डोचा फोन वाजला. गावाकडच्या मैदानावरचा त्याचा जुना जोडीदार ड्यूगल होता. त्याचा आवाज एवढा खणखणीत, की पार डिकीपर्यंत ऐकू आला.

“काय रे म्हाताऱ्या, इथे सगळे ग्लास भरून बसलेत! हरवलंस की नाही पोराला?”

मर्डोने एक बूट काढला आणि त्यातली वाळू झटकली.

“नाही रे,” तो म्हणाला. “अगदी जवळ आलो होतो. पण पोरगा भारी पडला.”