गरुडासाठी थांबलेली पाती

पठारावरच्या पवनचक्क्या थांबल्या आणि शिवरामआबांच्या खाटेशेजारचं ऑक्सिजनचं यंत्र बॅटरीवर गेलं. गरुड पात्यांत सापडून मरू नये म्हणून तो जवळ आला की पाती आपोआप थांबत, गावाची वीज तेवढा वेळ जाई. आज मात्र गरुडाची मादी तिथंच घिरट्या घालत राहिली. बॅटरी संपत आली, तशी आबांची लेक स्नेहल खिडकीजवळच्या, पाती पुन्हा चालू करायच्या बटणाकडे धावली.

"थांब गं," आबा खिडकीबाहेर मादीकडे बघत, धापा टाकत म्हणाले. "तिच्या पायात काय आहे?"

"साप आहे, आबा. पिलांसाठी नेतेय."

"मग जाऊ दे तिला. मी धरतो दम."

स्नेहलनं बटणावरचं बोट काढलं नाही, पण दाबलंही नाही. अखेर मादी कड्याआड उतरली, पाती फिरली, यंत्र सुरू झालं.

श्वास जागेवर येताच आबांनी विचारलं, "पिलं किती आहेत गं?"