सेनापती मेला की जगला

"तेवढंच सांग गं. सेनापती मेला की जगला? नुसती मान हलव."

समोरच्या फ्लॅटमधली ममता रविवारी सकाळी आठ वाजता केसांना तेल चोपडून दारात उभी होती. रुचितानं मान हलवली नाही, उलट ताठ धरली. मागच्या महिन्यात माशी उडवायला मान झटकली, तर 'राणी मेघमाला वाचणार' ही बातमी तीन मजले फिरून तिच्याकडेच परत आली होती.

"मला माहीत नाही, ममता. यतीन घरात काही बोलत नाही."

"चल, काहीतरीच! नवरा सीरियल लिहितो आणि बायकोला पत्ता नाही?"

'वज्रद्वीप' सुरू झाल्यापासून हा छळ चालू होता. उडणारे घोडे, बोलणारी तलवार, कड्यावरून खाली पडलेला सेनापती वीरभान आणि हे सगळं लिहिणारा तिचा नवरा. लिफ्टमध्ये, वाण्याकडे, ती नोकरी करायची त्या शाळेच्या ऑफिसात, जिथे जावं तिथे एकच विषय. कोण मरणार, कोण परत येणार? घरातल्या आजारी माणसाचीसुद्धा लोक एवढी चौकशी करत नाहीत, असं तिला वाटायचं.

आज मात्र ती नुसती वैतागलेली नव्हती, घाबरलेलीही होती. काल संध्याकाळी मालिकेच्या निर्मात्याचा, जयकुमारचा फोन आला होता. यतीननं तो स्पीकरवर ठेवला आणि घरभर आरडाओरडा सुरू झाला.

"यतीनभाई, ये चल क्या रहा है? फॅन ग्रुपवर कोण ही ममता, भाईंदर? राणी जिवंत आहे हे तिनं टाकलं, तेव्हा तुमची स्क्रिप्ट माझ्याकडे आलीसुद्धा नव्हती! पाच वेळा झालंय असं. सहाव्यांदा झालं तर मी दुसरा रायटर बघतो. बस."

यतीननं नुसता फोन बंद केला होता. रुचिताला मात्र या मालिकेच्या आधीची दोन वर्षं आठवली. काम नव्हतं तेव्हा तो दिवसभर खिडकीशी बसून असायचा. जेवलास का विचारलं तर हो म्हणायचा आणि ताट तसंच झाकलेलं असायचं. तो यतीन तिला परत नको होता.

"ग्रुपवर ते सगळं तूच टाकतेस ना?" तिनं ममताला सरळ विचारलं.

"मी नुसतं टाकते गं. सांगते जिजाबाई. तिचं आजवर एकही चुकलेलं नाही, माहितीये?"

जिजाबाई म्हणजे बुधवार-रविवार राई गावातून टोपली घेऊन येणारी मासेवाली. रुचिताच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि पाठोपाठ संताप आला. यतीनच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तिला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. माशातल्या काट्यांनी हैराण होणारा हा माणूस जिजाबाईची हाक आली की स्वतः उठून दारात जायचा. नेमकी बारीक, काटेरी मांदेली घ्यायचा, तीही किलोभर, आणि एकेक साफ होईपर्यंत पाट टाकून तिच्यासमोर बसायचा. स्वयंपाकघरात रुचिताला तुटक तुटक ऐकू यायचं. "छे, राणी मेलीच," असं तो म्हणायचा. मग जिजाबाई काहीतरी बोलायची आणि तो खूश होऊन हसायचा. स्वतःच्या पोटावर पाय आणायची ही कसली हौस?

"म्हावरं घ्या गो, म्हावरं!"

यतीन आंघोळीला गेला होता. बरंच झालं, रुचिताला वाटलं. तिनं टोपली उतरवायला हात लावला.

"आज दादा न्हाय?" जिजाबाईनं तिच्या खांद्यावरून आत डोकावून पाहिलं. "बुधवारचं बोलनं अर्धंच ऱ्हायलं. तो शेनापती हाय ना, त्याचा मी लय इचार केला. त्याला—"

"थांबा!" रुचिता एवढ्यानं ओरडली की ममता दचकून मागे सरली. "त्या सीरियलबद्दल एक शब्द बोलायचा नाही. इथे नाही, कुठेच नाही. यतीनची नोकरी जाईल तुमच्यामुळे."

"दादाची? माज्यामुलं?" म्हातारीचा चेहरा उतरला. "अगो बाय, मी काय केलं?"

"आतल्या गोष्टी बाहेर सांगता तुम्ही."

जिजाबाई काही बोलणार होती, पण रुचितानं हात जोडले. "मला काही ऐकायचं नाही. तुमच्या गावच्या धारावी देवीची शपथ घ्या."

जिजाबाईनं गळ्याला हात लावला. "देवीची आन. आजपासून त्या लोकांचं नाव माज्या तोंडातून निघनार न्हाय. कोनी इचारलं तरी न्हाय."

"यतीननं विचारलं तरी?"

"दादानं इचारलं तरी न्हाय."

पदरानं डोळे पुसून तिनं टोपली उचलली आणि काही न विकताच ती जिना उतरली. रुचिताला वाईट वाटलं. देवीची शपथ ही बाई मरेपर्यंत मोडणार नाही, हेही तिला ठाऊक होतं. ममता तोंड वाकडं करून आपल्या घरात गेली. दार लावताना रुचिताला कितीतरी दिवसांनी मोकळं वाटलं.

"जिजाबाईचा आवाज आला ना?" यतीन ओल्या केसांनीच धावत बाहेर आला.

"गेली ती."

"गेली? काही म्हणाली का?"

रुचितानं त्याला सगळं सांगितलं, शपथेच्या शब्दांसकट. तो भांडेल याची तिची तयारी होती. तो भांडला नाही. दार उघडून तो जिन्यात डोकावला, पण जिजाबाई केव्हाच गेली होती.

"रुचिता, उद्या सकाळी मला एपिसोड द्यायचाय."

"मग लिही की निवांत. आता बाहेर कुणाला कळायचं नाही."

"लिहू काय?" यतीन म्हणाला. "गेलं वर्षभर गोष्ट जिजाबाईच सांगतेय. मी नुसता टाइप करतो."