राखेची खोली

नवरा मुंबईत खोली ठरवून, डिपॉझिट भरून गावी धावड्याला परत आला. निम्मा पगार भाड्यातच जाणार होता, म्हणून मला वाटलं, खोली तरी ऐसपैस असेल. सासरे चुलीतली राख घेऊन अंगणात आले. “लांबी-रुंदी सांग. बाज कुठं, ज्वारीची कोठी कुठं बसंल, पाहू.” नवऱ्यानं पावलं टाकून दाखवली. सासऱ्यांनी त्या मापानं राखेच्या रेघा ओढल्या अन् ते हसले. “ही न्हाणी झाली. आता खोली सांग.” “आबा, हीच खोली हाये,” तो खाली बघत म्हणाला. बाज, कोठी आत ठेवून पाहिली. सातव्या महिन्यातलं पोट घेऊन मला मधे उभंही राहता येईना. “अन् पाळणा?” मी विचारलं. सासऱ्यांनी पायानं एक रेघ पुसली अन् हातभर बाहेर पुन्हा ओढली. “आता बसतोय बघ पाळणा.”